गाय हरवली तर

दिवस मावळला. गुरे घरी आली. पण दावणीला एक खुंटा मोकळाच. गाय आलेली नाही. घरातले म्हणतात, "येईल की पोट भरल्यावर." तसे थांबू नका. उजेड आहे तोवर शोधाला लागा. रात्री जनावर कुणाच्या तरी पिकात शिरते, नाहीतर कठडा नसलेल्या विहिरीत पडते. आणि चोराच्या हाती लागले, तर सकाळपर्यंत कुठच्या कुठे गेलेले असते.

निघण्याआधी घटकाभर विचार मात्र करा. गाय उगीच जात नाही. गाय माजावर आली की वळूच्या शोधात भटकते. गाभण नसलेली गाय साधारण २१ दिवसांनी पुन्हा माजावर येते. ते दिवस मोजून ठेवावेत. दिवस भरलेली गाय कळप सोडून आडोशाला जाते आणि तिथेच विते. तेव्हा झुडपे वाकून पाहा, नुसते लांबून पाहू नका. नवी विकत घेतलेली गाय बहुधा जुन्या धन्याच्या गावाची वाट धरते.

तिचे वासरू घरी असेल तर ते बरोबर न्या. वासरू हंबरले की पुष्कळदा आई ओ देते. हाक मारायची ती रोज धार काढणाऱ्यानेच. दहा पोरे काठ्या घेऊन ओरडत सुटली, तर सापडायची गायही बुजून पळते.

गावात सर्वांना सांगा. दवंडी आता फारशी ऐकू येत नाही, पण मोबाईलवर गायीचा फोटो चार गावांत लगेच पोचतो. चोरीचा संशय असेल तर पोलिसांत तक्रार द्या. गुरांच्या बाजारातही फेरी मारा.

आजूबाजूचे कोंडवाडेही पाहा. पिकात शिरलेली गुरे कोंडवाड्यात घालण्याचा कायदा १८७१ सालापासूनचा आहे. तिथे दंड आणि चाऱ्याचा खर्च भरून, पावती घेऊन गाय सोडवावी. दांडगाई करून गाय सोडवून आणली तर तो गुन्हा होतो. आणि फार उशीर करू नका. मुदतीत धनी आला नाही, तर गाय लिलावात निघते.

समजा, गाय दिसली. तुम्ही म्हणता, "ही गाय माझी."

समोरचा म्हणतो, "कशावरून?"

इथे भलेभले अडखळतात. "पांढरी आहे, शिंगं मोठी आहेत," एवढे सांगून भागत नाही. तशा गाई गावात पन्नास असतात. म्हणून गाय घरात असतानाच तिची खूण वहीत लिहून ठेवावी. ती अशी: "पांढरी गाय. डावे शिंग टोकाला मोडके. उजव्या मांडीवर डागाची खूण. शेपटीचा गोंडा काळा. चौथे वेत." दोन ओळींचे तर काम. तुम्हाला आता लिहिता येते, मग दुसऱ्याकडे कशाला जायचे?

गायीच्या कानात पिवळा बिल्ला असतो. त्यावर १२ आकडी नंबर असतो. तो नंबर दुसऱ्या कुठल्याही जनावराला दिलेला नसतो. सरकारी नोंदीत त्या नंबरापुढे मालकाचे नाव असते. बिल्ला नसेल तर पशुवैद्यकीय दवाखान्यात सांगून मारून घ्या. पण कान फाटून बिल्ला पडू शकतो, चोर तो कापूनही टाकतो. म्हणून नंबर वहीत हवाच. गाय विकत घेतली की जुन्या धन्याचे नाव तिथून खोडून तुमचे लावून घ्यायला विसरू नका. खरेदीची पावतीही जपा.

बाकी काळजी रोजचीच आहे. दावे झिजले का ते पाहावे. कुंपणाचे भगदाड बुजवावे. गळ्यात घंटा बांधावी. संध्याकाळी गव्हाणीत मूठभर पेंड ठेवावी, म्हणजे गाय आपणहून घराकडे वळते. काही जण ओढाळ गायीच्या गळ्यात लोढणे अडकवतात. ते चालताना गुडघ्यांवर आपटते, जखमा होतात. त्यापेक्षा लांब दाव्याने बांधलेली बरी. नवी गाय पहिले काही दिवस मोकळी सोडूच नये. चारापाणी एकाच माणसाने हाताने द्यावे.

आणि ती वही धान्याच्या कणगीवर ठेवू नका, उंदीर कुरतडतात. पत्र्याच्या पेटीत ठेवा.