घरांतील मांजराच्या मळाची व्यवस्था

शेतकऱ्याच्या घरांत मांजर हें केवळ हौसेचें जनावर नव्हे. कणगींतील ज्वारी व पोत्यांतील बियाणें यांची उंदरांपासून राखण करणारें तें एक बिनपगारी चाकरच होय. तथापि त्याच्या मळमूत्राची व्यवस्था आपण बहुधा त्याच्याच मर्जीवर सोपवितों. पावसाळ्यांत तें बाहेर जाण्यास नाखूष असतें. मग माजघराचा कोपरा, चुलीमागील राख किंवा भुशाचा ढीग तें आपलासा करतें, आणि घरांत घाण सुटली म्हणजे आपण जागे होतों. परंतु दुर्गंधि हा या प्रकरणाचा लहान भाग आहे. मोठा भाग नाकास कळत नाहीं, आणि त्याचा संबंध घरांतील गरोदर स्त्रिया व गोठ्यांतील गाभण शेळ्यामेंढ्या यांच्याशीं आहे. म्हणून दोहोंचाही विचार आम्ही येथें करतों.

दुर्गंधि कां सुटते?

मांजराचें मूत्र फार दाट असतें. त्यांतील युरियाचें सूक्ष्म जंतूंच्या क्रियेनें विघटन होऊन अमोनिया वायु सुटतो. कोंदट गोठ्यांत डोळ्यांस झोंबणारा वायु तोच. बोक्याच्या मूत्रांत याखेरीज एक गंधकयुक्त द्रव्य असतें, म्हणून त्याची घाण अधिक उग्र. जनावरांच्या डॉक्टरांकडून बोक्याचें खच्चीकरण करून घेतल्यास ही घाण पुष्कळ कमी होते, आणि जागोजागीं मूत्र शिंपडण्याची त्याची खोडही बहुधा जाते.

मांजरासाठीं घमेल्यांत राख ठेवण्याची चाल पुष्कळ घरीं आहे. राख ओल शोषून घेते हें खरें. परंतु ती क्षारधर्मी असल्यामुळें अमोनियास मोकळें करते. अमोनियम सल्फेटांत चुना किंवा राख मिसळली असतां नत्र उडून जातें, हें आमच्या वाचकांस सांगावयास नकोच. तोच न्याय येथें लागू आहे.

राखेहून माती बरी. अमेरिकेंतील मिशिगन राज्यांत १९४७ सालीं एडवर्ड लोव या गृहस्थानें आपल्या शेजारणीस मांजरासाठीं राखेऐवजीं मुलतानी मातीच्या जातीची शोषक माती दिली. ती इतकी उपयोगी ठरली कीं, त्यांतून एक मोठा व्यापार उभा राहिला. पुढें बेंटोनाइट ही पाणी पिऊन गोळा होणारी माती प्रचारांत आली, व आज शहरांतून ती पिशव्यांनीं विकली जाते. तिच्यांतील मुख्य खनिज माँटमोरिलोनाइट. आपल्या दख्खनच्या काळ्या मातीस जो चिकटपणा आहे व उन्हाळ्यांत ज्या भेगा पडतात, त्या याच वर्गांतील खनिजांमुळें. तेव्हां विकतची माती नको असल्यास शेतांतील काळीं ढेकळें उन्हांत कडक वाळवावीं, ज्वारीच्या दाण्याएवढीं फोडावीं व धूळ चाळून काढून वापरावीं. विकतच्या मातीइतकें काम तीं देणार नाहींत. परंतु घरच्या घरीं भागेल. पायांस चिखल लागत असल्यास निम्मा लाकडाचा भुसा मिसळावा.

न दिसणारा धोका

टॉक्सोप्लाझ्मा नांवाचा एक सूक्ष्म परोपजीवी जीव १९०८ सालीं शास्त्रज्ञांस प्रथम आढळला. त्याचीं बीजें मांजराच्या विष्ठेवाटें पसरतात, हें मात्र १९७० च्या सुमारास निश्चित झालें. उंदीर किंवा कच्चें मांस खाल्ल्यानें मांजरास त्याची बाधा होते. प्रथम बाधा झाल्यावर सुमारें एक ते दोन आठवडे त्याच्या विष्ठेंतून हीं बीजें लाखोंनीं पडतात. मांजर वरून धडधाकट दिसतें, म्हणून कोणास संशय येत नाहीं.

गरोदर स्त्रीस ही बाधा नव्यानें झाल्यास गर्भपात होऊं शकतो, किंवा मुलाच्या डोळ्यांस व मेंदूस इजा पोंचूं शकते. शेळ्यामेंढ्याही यामुळें गाभटतात. गाईबैलांस मात्र फारसा उपद्रव होत नाहीं.

सुदैवाची गोष्ट ही कीं, ताज्या विष्ठेंतील बीज लगेच बाधक नसतें. तें पक्व होण्यास एक ते पांच दिवस लागतात. उलट एकदां पक्व झालेलें बीज ओलसर मातींत वर्षाहूनही अधिक टिकतें. सारांश, रोजच्या रोज मळ काढणाऱ्या घरास भय थोडें, व आठवडाभर सांचूं देणाऱ्यास फार.

व्यवस्था कशी ठेवावी?

(१) स्वयंपाकघर व पाण्याची जागा यांपासून दूर, निवांत कोपऱ्यांत एक पसरट घमेलें ठेवून त्यांत दोन ते तीन इंच माती घालावी. तें घाण राहिल्यास मांजर पुन्हां धान्याचा कोपरा शोधूं लागतें.

(२) मळ व भिजलेली माती रोज काढावी. आठवड्यास सर्व माती बदलून घमेलें कढत पाण्यानें धुवावें व उन्हांत वाळवावें. फिनेल वापरूं नये, तें मांजरास विषारी आहे. मूत्रावर ब्लीचिंग पावडर टाकूं नये. त्यांतून विषारी वाफ सुटते.

(३) काढलेला मळ दीड फूट खोल खड्ड्यांत टाकून दर वेळीं वर माती लोटावी. खड्डा विहीर, भाजीपाला व गोठा यांपासून दूर असावा, आणि पावसाचें पाणी त्यावरून वाहत जाऊं नये.

(४) हा मळ उकिरड्यांत किंवा गांडूळखतांत घालूं नये. घरगुती ढिगांत बीजें मरतील इतकी उष्णता सर्वत्र पोंचेलच असें नाहीं. मूठभर खताच्या लोभानें गाडीभर खत दूषित करण्यांत शहाणपण नाहीं.

(५) मेथी-कोथिंबिरीच्या मऊ वाफ्यांवर बोरीच्या कांट्या पसराव्या. शेळ्यांचा भुसा व पेंड झांकून ठेवावी. गाभटलेल्या शेळीचा गर्भ व वार मांजराच्या तोंडीं लागूं न देतां खोल पुरावी. भाजी धुवून व मांस नीट शिजवूनच खावें, कारण बाधा या वाटांनींही होते.

हें वाचून कोणी मांजरास घराबाहेर हांकलूं नये. त्यास जवळ घेतल्यानें सहसा बाधा होत नाहीं. भय आहे तें शिळ्या मळाचें.

शेवटीं एक गोष्ट स्पष्टपणें सांगणें प्राप्त आहे. आपल्या घरांत झाडलोटीचें काम बहुधा सुनेकडे असतें. बाळंतपणासाठीं माहेरीं आलेली लेकही सवयीनें केरसुणी हातीं घेते. ज्यांस सर्वांत अधिक धोका, त्यांच्याच हातीं हें घमेलें जातें. घरांत कोणी गरोदर असतां हें काम घरधन्यानें स्वतः करावें व नंतर साबणानें हात धुवावे. यांत कमीपणा मुळींच नाहीं. रोज पहांटे गोठ्यांतील शेण उचलणाऱ्या हातांस हें घमेलें जड होऊं नये.