रबर नवे, टोके मूळचीच

पेट्रोलची रबरी नळी आणि तिच्या टोकांची धातूची जोडणी गाडीत एकाच दिवशी बसतात, पण एकाच वेळी म्हाताऱ्या होत नाहीत. रबर काही वर्षांत कडक होते, वाकवले की बारीक भेगा दिसतात, वरचा थर बोटाला काळा लागतो. टोकाचे पितळी निपल, बँजो (पोकळ बोल्टने बसणारे गोल टोक), नट मात्र गंज नसेल तर कित्येक दशके टिकतात. अ‍ॅम्बेसेडरचे उत्पादन २०१४ मध्ये थांबले, प्रीमियर पद्मिनीचे त्याआधीच. अशा गाड्यांसाठी नेमक्या बाकाची आणि नेमक्या आट्यांची टोके शोधत बाजार पालथा घालण्यापेक्षा मूळची टोके ठेवून मधले रबर बदललेले बरे.

हा विषय आता जास्त महत्त्वाचा झाला आहे तो पेट्रोलमध्ये मिसळल्या जाणाऱ्या इथेनॉलमुळे. जुन्या नळ्या बहुधा साध्या नायट्राइल रबराच्या असतात. साध्या पेट्रोलला हे रबर चांगले टिकते, पण इथेनॉल मिसळले की ते जास्त फुगते आणि त्याला मऊ ठेवणारी द्रव्ये इंधनात उतरतात. गाडी महिनोन्‌महिने उभी राहून नळी सुकली, की तीच नळी आकसते आणि चिरते. भारतात एप्रिल २०२३ पासून बनणाऱ्या गाड्यांचे सुटे भाग २० टक्के इथेनॉल सोसतील असेच असतात. अडचण त्याआधीच्या गाड्यांची.

नवी नळी घेताना तिच्यावर छापलेले वाचावे. ‘एसएई जे३० आर७’ ही कार्ब्युरेटरच्या कमी दाबासाठीची नळी. ‘आर९’चे आतले अस्तर फ्लोरोरबराचे असते, ती महाग पडते, पण इथेनॉल आणि जास्त दाब दोन्ही सोसते. खर्चातला फरक सोसूनही आर९ घ्यावी. रेडिएटरची नळी दिसायला तशीच काळी असते, पण तिचे रबर पेट्रोलमध्ये फुगते. दुकानात मिळणारी स्वस्त पारदर्शक प्लॅस्टिक नळीही पिवळी पडून काचेसारखी कडक होते. मापात आतला व्यास पाहायचा: ५/१६ इंच म्हणजे ७.९४ मिलिमीटर, म्हणून ८ मिलिमीटरची नळी तिच्या जागी चालते. ६ मिलिमीटरची ताणून बसवू नये.

काम सुरू करण्यापूर्वी इंजिन थंड असावे, बॅटरीची ऋण तार काढलेली असावी आणि जागा मोकळ्या हवेतली असावी. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती जमिनीलगत साचते. म्हणून ग्राइंडर नको, हॅकसॉच हवा.

मूळ टोक सोडवणे हाच खरा नाजूक भाग. नळीवर दाबून बसवलेले धातूचे कडे हॅकसॉने लांबीच्या दिशेने कापत जायचे, पण आरपार नाही. शेवटचा पातळ पापुद्रा राहिला की फटीत स्क्रू ड्रायव्हर घालून पिळायचा, कडे उघडते. मग रबर तिरक्या पात्याने हळूहळू सोलायचे. ओढून काढायला गेले तर निपल वाकतो. निपलच्या कंगोऱ्यांवर लांबीच्या दिशेने ओरखडा पडला तर मात्र तो पेट्रोलला बाहेर पडायची वाटच होतो. असे टोक बारीक पॉलिश पेपर गोल फिरवून साफ होत नसेल तर बाद करावे. बँजोच्या दोन्ही बाजूंचे तांब्याचे वॉशर नवे घालावेत. तसे न मिळाल्यास जुने लाल होईपर्यंत तापवले की पुन्हा मऊ होतात, अर्थात हे काम पेट्रोलपासून दूर आणि वॉशर सुकल्यावर.

कापलेले कडे परत बसत नाही, त्याची जागा क्लॅम्प घेतो. साध्या जुबली क्लिपच्या खाचा रबरात रुततात. कडा गोल वळवलेला, नट-बोल्टचा क्लॅम्प चांगला. तो कंगोऱ्यांवर नव्हे, त्यांच्या मागे बसवायचा. नळी चढवताना तेलाचा थेंब पुरतो; टेफ्लॉन टेप किंवा सीलंट लावू नये, त्याचे तुकडे थेट कार्ब्युरेटरच्या जेटमध्ये जातात. रबर बसल्यावर दबते, म्हणून आठवड्याने क्लॅम्प पुन्हा तपासावा.

चाचणी घेताना दोन बाजूंची गळती वेगवेगळी ओळखावी लागते. पंप ते कार्ब्युरेटर या दाबाच्या बाजूची गळती कोरड्या टिश्यू पेपरवर लगेच डाग दाखवते. टाकी ते पंप या ओढीच्या बाजूला मात्र थेंब पडेलच असे नाही. तिथे हवा आत खेचली जाते आणि सकाळी गाडी सुरू व्हायला वेळ घेते. गॅरेजमध्ये अशा वेळी दोष बहुधा पंपाला जातो.

ही सगळी पद्धत कार्ब्युरेटरच्या गाड्यांपुरती. तिथे दाब साधारण ०.२ ते ०.३ बार असतो. इंजेक्शनच्या गाड्यांत तो सुमारे ३ बार आणि त्याहूनही जास्त. तिथे कडे कापून क्लॅम्प लावण्याऐवजी कंपनीची तयार नळी किंवा हायड्रॉलिक नळ्या बनवणाऱ्याकडून यंत्राने दाबून घेतलेली जोडणीच वापरावी.