कळ आणि तिची आज्ञा

१५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमाने मुंबईसह देशातील महानगरांत सार्वजनिक इंटरनेट-सेवा सुरू केली. स्वस्त वर्गणीदारांच्या वाट्यास केवळ अक्षरांचा पडदा आला. चित्रे नाहीत, माऊसही नाही. ई-मेल वाचावयाची ती कळा दाबूनच. ‘पाइन’ ह्या आज्ञावलीत कळांची यादी पडद्याच्या तळाशी दिसे. नवख्यास तोच आधार.

त्याच वर्षी अमेरिकेत मायकेल एल्किन्स ह्यांनी ‘मट’ ही आज्ञावली रचली. तीत कळीचा अर्थ वापरणाराच ठरवू शकतो. कळ दाबली असता संगणकास पोहोचतो तो केवळ एक सांकेतिक अंक. त्याने काय करावयाचे, हे कोष्टकात लिहिलेले असते. मूळ कोष्टकात ‘डी’ म्हणजे ‘पत्र खोडावे’. पत्र लगेच जात नाही, त्यावर खूण मात्र होते; परंतु टपालपेटी बंद करताना विचारलेल्या प्रश्नास सवयीने होकार दिला, की ते गेलेच! हे टाळण्यास ‘मटआरसी’ ह्या साध्या मजकुराच्या फाइलीत एक ओळ लिहावी: ‘बाइंड इंडेक्स डी नूप’. पत्रांच्या यादीत ‘डी’ मग निष्क्रिय होते. उघडलेल्या पत्राचे कोष्टक वेगळे. तेथे ‘इंडेक्स’ऐवजी ‘पेजर’ लिहावे लागते. खोडण्याचे काम एखाद्या आडबाजूच्या कळीस द्यावे.

मराठी लिहिणारास आणखी एक अडचण येते. इन्स्क्रिप्ट कळफलक चालू असता ‘डी’च्या जागी हलन्ताचे चिन्ह उमटते, आणि मूळ कोष्टकात त्यास अर्थच नाही. म्हणून उत्तर लिहून होताच कळफलक रोमन लिपीवर आणावा, मग आज्ञा द्यावी.