फिरते घर रस्त्यात अडते तेव्हा

१९१६ मध्ये अमेरिकेतल्या टेनेसी राज्यात, चॅटानूगा शहराजवळच्या ओढ्यात एक फोर्ड मॉडेल टी कोसळली. दोर, कप्प्या आणि अनेक माणसांचे बळ लावूनही ती वर यायला कित्येक तास लागले. मदतीला आलेल्यांत अर्नेस्ट होम्स नावाचा एक गॅरेजवाला होता. त्या दिवसाच्या दमछाकीतून त्याला यंत्राची कल्पना सुचली. १९१३ सालच्या एका कॅडिलॅकवर त्याने तीन खांब, कप्पी आणि साखळी बसवली आणि पहिला टो ट्रक तयार झाला. ओढून नेण्याच्या या धंद्याच्या इतिहासाचे संग्रहालय आज त्याच चॅटानूगात आहे.

बंद पडलेल्या गाडीला मदत देण्याचा करार मात्र त्याआधीच आकार घेऊ लागला होता. १९०२ मध्ये शिकागोत नऊ मोटार क्लब एकत्र आले आणि अमेरिकन ऑटोमोबाइल असोसिएशन, म्हणजे सगळ्यांच्या तोंडी असलेली ‘ट्रिपल ए’, स्थापन झाली. १९१५ मध्ये सेंट लुईसच्या क्लबने मोटारसायकलवरून फिरणारे प्रथमोपचार पथक रस्त्यावर उतरवले. उपचार माणसांवर नव्हे, मोटारींवर करायचे होते. वर्गणी भरावी आणि गाडी अडली की माणूस यावा, ही रचना इथून रुजली. ती बेतलेली होती चार चाकांच्या साध्या मोटारीवर. पुढच्या शंभर वर्षांतला सगळा गुंता यातूनच निर्माण झाला, कारण मोटारीच्या मागे लोकांनी घर जोडले आणि मग मोटारीचेच घर केले.

त्या घरवाल्यांनी सुरुवातीला कोणत्याही कंपनीकडे पाहिले नाही. १९१९ मध्ये फ्लोरिडातल्या टँपा इथे ‘टिन कॅन टुरिस्ट्स’ ही संघटना सुरू झाली. रेडिएटरच्या झाकणावर झाळलेला पत्र्याचा डबा ही सभासदाची खूण. तो डबा दिसला की थांबायचे आणि अडलेल्याला हात द्यायचा, हा त्यांचा रिवाज होता. १९६३ च्या जुलैत मेन राज्यातल्या हिंकली इथे खग्रास सूर्यग्रहण पाहायला मोटारघरे घेऊन काही कुटुंबे जमली आणि त्या मेळाव्यातून ‘फॅमिली मोटर कोच असोसिएशन’ जन्मली. तेव्हा मोटारघर म्हणजे बहुधा मालकाने आपल्या हाताने आतून बदललेली जुनी बस. इंजिनात काय कुठे आहे हे मालकाला पाठ असायचे. एक अडला तर दुसरा पाना घेऊन यायचा.

१९६६ हे वर्ष या गोष्टीत दोन कारणांनी महत्त्वाचे आहे. आयोवा राज्यातल्या फॉरेस्ट सिटीत विनेबागो कंपनीने मोटारहोम जुळणीच्या पट्ट्यावर बनवायला घेतले. त्यामुळे किंमत खाली आली आणि ज्यांनी कधी बॉनेटखाली हात घातला नव्हता अशी कुटुंबे या छंदात आली. त्याच वर्षी एका ट्रेलर मासिकात वाचकाची सूचना छापून आली, की जे अडलेल्यासाठी थांबायला तयार आहेत त्यांनी बंपरवर तसे स्टिकर लावावे. ‘गुड सॅम क्लब’ त्या पत्रातून उभा राहिला. डोक्याभोवती प्रभावळ असलेला हसरा चेहरा आजही त्याचे चिन्ह आहे. स्टिकरमागचे वचन एका ओळीचे होते: मी थांबेन. आज हेच नाव एका मोठ्या व्यवसायाचा भाग आहे आणि त्याची रोडसाइड असिस्टन्स योजना या क्षेत्रातल्या सर्वपरिचित योजनांपैकी आहे. बंपरवरच्या शब्दापासून छापील अटींपर्यंतचा हा बदल हळहळण्याजोगा वाटेल, पण तो टाळता येण्यासारखा नव्हता. चांगुलपणाने थांबलेला सहप्रवासी पंक्चर काढू शकतो. बारा टनांचे वाहन तो उचलू शकत नाही.

मधल्या काळात रस्तेही बदलत होते. १९५६ च्या कायद्याने आंतरराज्य महामार्गांचे जाळे विणायला सुरुवात झाली. वेग वाढला आणि कुणी तरी सहज थांबेल ही शक्यता कमी झाली. सत्तरच्या दशकात गाडीतून एकमेकांशी बोलायचा सीबी रेडिओ घरोघरी पोचला. त्याचा नऊ नंबरचा चॅनल आणीबाणीसाठी राखून ठेवलेला होता आणि मोबाइलच्या आधीच्या काळात तोच अनेक मोटारहोमवाल्यांचा आधार होता.

जुलै १९८६ मध्ये ‘लाइफ’ मासिकाने नेवाडातल्या हायवे ५० ला अमेरिकेतला सर्वांत एकाकी रस्ता म्हटले. त्या मजकुरात ट्रिपल एच्या प्रतिनिधीचा सल्लाही होता: निभावून नेण्याची खात्री असेल तरच इथे जा. नेवाडाने हा सल्ला जाहिरातीसाठी वापरला आणि गावोगावी शिक्के मारून घेण्याची पुस्तिका काढली, त्यामुळे प्रवासी उलट वाढले. पण त्या सल्ल्यात मदत-योजनेचे सगळे गणित सापडते. या रस्त्यावर ऑस्टिन नावाचे चिमुकले गाव आहे. तिथून पश्चिमेला फॅलन ११० मैलांवर आणि रीनो सुमारे १७० मैलांवर. योजनेत ओढून नेण्याची मर्यादा १०० मैल असेल आणि मोठ्या आरव्हीचे, म्हणजे अशा फिरत्या घराचे, काम करणारे गॅरेज रीनोलाच गाठायचे ठरले, तर उरलेल्या ७० मैलांचे पैसे मालकाच्या खिशातून जातात, आणि तेही जड वाहनाच्या दराने.

म्हणूनच १९८७ च्या सुमारास ‘कोच-नेट’सारख्या फक्त आरव्हीचा विचार करणाऱ्या सेवा पुढे आल्या, तेव्हा त्यांनी मैलांची भाषा बाजूला ठेवली. ‘हे काम करू शकणाऱ्या सर्वांत जवळच्या गॅरेजपर्यंत’ अशी त्यांची अट असते. योजना निवडताना हा एक शब्दप्रयोग बाकी दहा सवलतींपेक्षा मोलाचा आहे. ट्रिपल एच्या प्लस पातळीवर १०० मैलांपर्यंत ओढून नेतात, मोटारीला ते भरपूर झाले. पण मोटारहोमसाठी तिथे वेगळी, जादा पैशांची जोड घ्यावी लागते, आणि ही गोष्ट अनेकांना गाडी बंद पडल्यावरच कळते.

वाहन जड असले की अडचण नेमकी कुठे येते, हे थोडे खोलात पाहण्यासारखे आहे. ‘डिझेल पुशर’ प्रकारच्या मोठ्या मोटारहोमचे इंजिन मागे असते. लांबी ४० फुटांच्या पुढे जाऊ शकते, वजन १५ टनांहून जास्त भरते. इंजिन बंद असताना गिअरबॉक्समध्ये तेल फिरत नाही. अशा स्थितीत मागची चाके रस्त्यावर फिरत ठेवून गाडी ओढली तर गिअरबॉक्स जळतो, म्हणून आधी ड्राइव्हशाफ्ट सोडवावा लागतो. ब्रेक हवेवर चालतात. हवेचा दाब उतरला की आतल्या स्प्रिंगमुळे चाके जखडतात आणि ती यंत्राने मोकळी करावी लागतात. मागचा भाग चाकांच्या बराच बाहेर आलेला असल्याने साध्या फ्लॅटबेडवर चढवताना शेपूट जमिनीला घासते. हे सगळे जाणणारा चालक आणि तेवढ्या ताकदीचा ट्रक प्रत्येक गावात नसतो. टायरचे तर आणखी वेगळे. अनेक मोठ्या मोटारहोममध्ये स्टेपनीच दिलेली नसते. त्या मापाचा टायर जागेवर आणून बसवणारी सेवा नसेल तर एका पंक्चरवर सुटी संपते.

मोबाइल आणि जीपीएस आल्यावर हाक मारणे सोपे झाले. २००० सालच्या मे महिन्यात अमेरिकी सरकारने नागरी जीपीएसमधली मुद्दाम ठेवलेली चूक काढून टाकली आणि अडलेल्याचे ठिकाण काही मीटरांत सांगता येऊ लागले. मदतीला येणाऱ्याचा धोका मात्र टळला नाही. कडेला थांबलेल्या आणीबाणीच्या वाहनांसाठी वेग कमी करावा किंवा पलीकडच्या लेनमध्ये जावे, असे कायदे २०१२ पर्यंत सर्व पन्नास राज्यांनी केले, पण त्यांत टो ट्रक सगळीकडे धरलेले नव्हते.

मग कोविडचा काळ आला. विमाने आणि हॉटेले नकोशी झाली आणि २०२१ मध्ये अमेरिकेतल्या उत्पादकांनी ६,००,२४० आरव्ही कारखान्यांतून रवाना केल्या. हा विक्रम होता. नव्या मालकांत पहिल्यांदाच एवढे मोठे वाहन चालवणारे पुष्कळ होते, आणि मदत-योजना ते किमतीवरून निवडत होते. किंमत हा निकष इथे सर्वांत कमी उपयोगाचा आहे. कच्च्या वाटेवर किंवा वाळवंटातल्या सरकारी जमिनीवर मुक्काम करणाऱ्याने आधी हे पाहायला हवे, की देखभाल होत असलेल्या रस्त्याबाहेर ही सेवा येते का. कित्येक योजना येत नाहीत. कॅनडामार्गे अलास्काला जाणाऱ्याने सीमेपलीकडची अट वाचावी. मागे छोटी मोटार ओढत नेणाऱ्याने दोन्ही वाहने धरलेली आहेत ना, ते विचारावे. कंपनी स्वतः ट्रक पाठवते की आधी पैसे भरून नंतर मागायचे, हाही मोठा फरक आहे. गाडी ठणठणीत आणि चालकच आजारी पडला, तर घर परत कोण आणणार? फॅमिली मोटर कोच असोसिएशनच्या सभासदत्वात त्याची सोय असते. उतारवयातल्या जोडप्यांनी या कलमाकडे विशेष लक्ष द्यावे.

अमेरिकेत स्थायिक झालेली मराठी कुटुंबे येलोस्टोनला किंवा युटाच्या लाल खडकांत जाताना सहसा आरव्ही भाड्याने घेतात. मोठ्या भाडे-कंपन्यांच्या करारात मदत असते. खासगी मालकाकडून घेतलेल्या गाडीत ती कुणाच्या नावावर आहे, हे बुकिंगच्या वेळीच विचारावे लागते. इकडे महाराष्ट्राने २०२१ मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटनाचे धोरण मंजूर केले. मोटार-कॅरॅव्हॅनसाठी ‘एआयएस-१२४’ हे भारतीय मानक आहे, मुंबईत १९१९ पासून वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाइल असोसिएशन आहे आणि राष्ट्रीय महामार्गांवर १०३३ हा मदतीचा क्रमांक आहे. आपल्याकडची कॅरॅव्हॅन बहुधा मिनीबस किंवा पिकअपच्या सांगाड्यावर बांधलेली असते. सांगाडा एका कंपनीचा, वरचे घर दुसऱ्याचे. घाटात ती अडली तर उचलायची जबाबदारी कुणाची, हे भाड्याच्या पावतीवर लिहिलेले असायलाच हवे.

आरव्ही विकत घेणाऱ्याने किंवा भाड्याने नेणाऱ्याने पैसे भरण्याआधी मदत-कंपनीला एक फोन करावा. गाडीची लांबी, भरलेले वजन आणि जायचा रस्ता सांगावा, तिथे हे वाहन उचलणारा ट्रक कुठून येईल ते विचारावे आणि उत्तर लेखी मागावे. लेखी उत्तर द्यायला तयार नसलेली योजना घेऊ नये.