खेळाडूंची अदलाबदल

अमेरिकेत बेसबॉलचा हंगाम शरद ऋतूत संपतो. पण रसिकांची चर्चा हिवाळाभर थांबत नाही. याच काळात संघ आपापसांत खेळाडूंची अदलाबदल करतात. एका संघाजवळ चेंडू फेकणारे पुष्कळ, तर दुसऱ्याजवळ फटके मारणारे पुष्कळ असले, म्हणजे देवघेवीने दोघांचीही उणीव भरून निघते. रसिक आपल्या संघाचा लाभ-तोटा हिरीरीने मोजतात. पण ज्याची अदलाबदल झाली, त्याला काय वाटत असेल?

हा प्रश्न कर्ट फ्लड या कृष्णवर्णीय खेळाडूने सर्वांपुढे मांडला. सेंट लुईसच्या संघाकडून तो १२ हंगाम खेळला होता. ऑक्टोबर १९६९ मध्ये त्याला न विचारताच त्याला फिलाडेल्फियाच्या संघाकडे देण्यात आले. त्या काळी करार संपला, तरी खेळाडूवरील संघाचा हक्क संपत नसे. आपण खरेदी-विक्रीची वस्तू नाही, असे कळवून फ्लडने जाण्यास नकार दिला. मोठ्या वेतनावर पाणी सोडून १९७० चा सारा हंगाम तो खेळला नाही व न्यायालयात लढला. १९७२ मध्ये सर्वोच्च न्यायालयात तो हरला.

तथापि त्याचा लढा वाया गेला नाही. ज्याने १० वर्षे खेळून त्यांतील शेवटची ५ एकाच संघात घालविली, त्याच्या संमतीवाचून अदलाबदल होऊ नये, असा नियम १९७३ मध्ये झाला. डिसेंबर १९७५ मधील लवादाच्या निर्णयाने त्या जुन्या हक्काचे बंधनही तुटले.

संघाचे हित चिंतणे हा रसिकाचा धर्मच आहे. परंतु यादीतील प्रत्येक नावामागे एक माणूस असतो, हे त्याने विसरू नये.