दूध नको म्हणणारं बाळ

दुधाचा पेला दिसताच दीड वर्षाचं मूल ओठ घट्ट मिटून मान फिरवतं आणि घरात सगळ्यांचा जीव खालीवर होतो. पण नाक दाबून दूध पाजू नये. त्याने नावड पक्की होते. गरज दुधातल्या कॅल्शियमची आणि प्रथिनांची आहे, पेल्याची नाही.

एक ते तीन वर्षांच्या मुलाला दिवसाला सुमारे ५०० मिलिग्रॅम कॅल्शियम लागतं. वाटीभर, म्हणजे १५० ग्रॅम दह्यातून त्याचा तिसरा हिस्सा मिळतो. दूध झिडकारणारी कितीतरी मुलं दहीभात मात्र बोटं चाटून खातात. पनीरही चालतं.

नाचणी तर आपल्या घरातलीच. १०० ग्रॅम नाचणीत साधारण ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असतं, दुधाच्या जवळपास तिप्पट. मात्र मूल खाणार दोन-तीन चमचे सत्त्व, म्हणून तिच्या एकटीवर भिस्त ठेवू नका. रात्रभर भिजवून मोड आणले, वाळवून दळले की त्यातलं कॅल्शियम अंगी चांगलं लागतं. गूळ नाममात्र घाला. जोडीला तिळाची बारीक पूड, वरणात राजगिऱ्याचा पाला.

बदाम, नारळ किंवा तांदळाच्या दुधात प्रथिनं फार कमी. त्यातल्या त्यात कॅल्शियम घातलेलं, बिनसाखरेचं सोयादूध बरं.

दुधानंतर अंगावर गांधी उठत असतील, उलट्या होत असतील किंवा शौचातून रक्त जात असेल, तर ही नावड नसून ॲलर्जी असू शकते. मग दही-पनीरही थांबवा, शेळीचं दूधही देऊ नका आणि बालरोगतज्ज्ञांना लगेच दाखवा.