पाण्याची पारख

तांब्यातील पाणी नितळ दिसले, की आपण ते निःशंकपणे पितो. परंतु नितळ पाणी निर्मळ असतेच असे नाही. १८५४ साली लंडन शहरात पटकीची साथ आली. ब्रॉड स्ट्रीट नावाच्या रस्त्याच्या परिसरात थोड्याच दिवसांत शेकडो माणसे दगावली. डॉ. जॉन स्नो यांनी घरोघर चौकशी केली, तेव्हा तेथील एका हातपंपाच्या पाण्याशी या मृत्यूंचा संबंध असल्याचे दिसून आले. ते पाणी दिसावयास मात्र स्वच्छ होते!

असे रोगजंतू मारण्यासाठी आता पाण्यात क्लोरीन मिसळतात. नळाच्या पाण्यातही ते थोडे शिल्लक असावे लागते. भारतीय मानकाप्रमाणे एका लिटरमध्ये निदान ०.२ मिलिग्रॅम. पाणी गढूळ असल्यास जंतू कणांच्या आड लपतात आणि क्लोरीनपासून बचावतात. पाण्याची आम्लता किंवा अल्कता दर्शविणारा अंक म्हणजे 'सामू'. तो फार वाढला तर क्लोरीनचा प्रभाव उणावतो. पिण्याच्या पाण्याचा सामू ६.५ ते ८.५ यांच्या दरम्यान असावा.

या तिन्ही गोष्टींवर जलशुद्धीकरण केंद्रातील स्थिर यंत्रे रात्रंदिवस लक्ष ठेवतात. परंतु सतत पाण्यात राहिल्याने त्यांच्यावर गाळाचा थर बसतो, त्यांचे भाग जुने होतात आणि आकडे हळूहळू चुकू लागतात. क्लोरीन संपले असतानाही यंत्र 'पुरेसे आहे' असे सांगू लागले, तर केवढा अनर्थ होईल!

म्हणून तपासनीस हाती नेण्याजोगे उपकरण घेऊन तेथे येतो. यंत्राजवळचेच पाणी तो लहानशा काचेच्या कुपीत घेतो व त्यात एक पूड टाकतो. क्लोरीन असल्यास पाणी गुलाबी होते. क्लोरीन जितके अधिक, तितका रंग गडद. उपकरण त्या पाण्यातून प्रकाश सोडून रंगाचे मोजमाप करते. पाण्यातील क्लोरीन लवकर कमी होत जाते. नमुना दूरच्या प्रयोगशाळेत पोहोचेपर्यंत खरा आकडा हाती लागत नाही. म्हणून पाणी उपकरणाकडे न नेता उपकरणच पाण्याकडे न्यावे लागते. दोन्ही आकडे जुळले नाहीत, तर स्थिर यंत्र स्वच्छ करून त्याचा आकडा दुरुस्त करतात.

मुलांनो, तुम्ही विचाराल, "पण हे लहान उपकरणच चुकीचे असेल तर?" प्रश्न योग्य आहे. दुकानदाराची वजने खरी आहेत की नाहीत, हे निरीक्षक आपल्याजवळील प्रमाणित वजनांशी ताडून पाहतो. तसेच येथेही करतात. सामू मोजण्यापूर्वी उपकरणाची कांडी, ज्यांचा सामू ४ आणि ७ आहे हे आधीच ठाऊक आहे, अशा द्रावणांत बुडवितात. आकडे बरोबर आले, तरच पुढील कामास आरंभ होतो.

आपण नळ सोडतो, ओंजळ भरतो आणि पाणी पितो. तो विश्वास खरा ठरावा म्हणून कोणी तरी आपल्या उपकरणावरही आंधळा विश्वास न ठेवता ते पुनःपुन्हा पारखून घेत असतो.